ब्रिटानिकसचे गाणे

नाटकाला ज्याचे नाव, तोच नाटकाचा नायक, असा आपला सर्वसाधारण समज असतो. रासीन या थोर फ्रेंच नाटककाराच्या ‘ब्रिटानिकस’ या शोकात्मिकेने हा समज खोटा पाडला आहे. १३ डिसेंबर १६६९ रोजी पॅरिसच्या ओतेल द बुर्गोन्य नाट्यगृहात तिचा पहिला प्रयोग झाला. तेव्हापासून रसिकांनी तिची वाखाणणी केली ती नीरोच्या स्वभावचित्रासाठी, नाही तर नीरोच्या आईच्या भूमिकेसाठी. ब्रिटानिकस शेवटच्या अंकात मरतो, आणि तोही पडद्याआड. नाटकावर नाव त्याचे. लक्षात राहतात ते त्याला मारणारे.

हे असे का व्हावे, या प्रश्नाचा छडा लावावा असे मला बरेच दिवस वाटत होते. मी कादंबऱ्या लिहितो आणि शाळेत मुलांना शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबले. लॅटिन मला येत नाही, फ्रेंचही येत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस आणि हा रासीन, दोघेही मी वाचले ते इंग्रजी भाषांतरांतून. तेव्हा त्यांच्या भाषेच्या गोडव्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण गोष्ट सांगणाऱ्याने काय ठेवले आणि काय गाळले, एवढे भाषांतरातही स्पष्ट दिसते. मला बोलायचे आहे ते अशाच एका गाळलेल्या गोष्टीविषयी. ती गोष्ट म्हणजे ब्रिटानिकसचे गाणे.

आधी त्या मुलाची हकीकत सांगितली पाहिजे.

*

क्लॉडियस रोमचा सम्राट झाला तो इसवी सन ४१ च्या जानेवारीत. त्यानंतर तीन आठवडे होतात न होतात तोच त्याची बायको मेसालिना हिला मुलगा झाला. राज्यावर असलेल्या रोमन सम्राटाच्या घरी मुलगा जन्मण्याची ती पहिलीच वेळ. बापाला कोण आनंद! चरित्रकार सुएटोनियस सांगतो की, क्लॉडियस त्या तान्ह्या पोराला हातांवर घेऊन सैनिकांपुढे जाई, खेळांच्या वेळी त्याला मांडीवर बसवून लोकांना दाखवी, आणि जमलेल्या गर्दीच्या जयघोषात आपलाही आवाज मिसळी. ४३ साली रोमन फौजांनी ब्रिटनवर स्वारी केली. त्या विजयाप्रीत्यर्थ ‘ब्रिटानिकस’ हा बहुमान मिळाला. तो मुलाला कायमचा चिकटला आणि त्याचे आधीचे नाव मागे पडले. म्हणजे नावसुद्धा त्याचे स्वतःचे राहिले नाही. बापाच्या विजयाचे निशाण म्हणून ते त्याच्या अंगावर रोवले गेले.

मुलगा सात वर्षांचा असताना आई गेली. नवरा जिवंत असताना मेसालिनाने दुसऱ्या पुरुषाशी लग्न लावले, असा बोभाटा ४८ साली झाला. प्रकरण अंगाशी आले तेव्हा तिने शेवटचा उपाय म्हणून ब्रिटानिकसला आणि त्याची बहीण ऑक्टेविया हिला बापाच्या गळ्यात पडायला पाठवायचे ठरवले. मुलांच्या चेहऱ्याकडे पाहून बाप विरघळेल अशी तिची अटकळ. ती चुकीची नव्हती, आणि म्हणूनच सम्राटाचा कारभारी नार्सिसस याने मुलांना बाजूला न्यायला लावले. मेसालिना मारली गेली. आईसाठी रडणारी मुले पाहूनही क्लॉडियसच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही, अशी नोंद टॅसिटसने केली आहे.

दुसऱ्याच वर्षी क्लॉडियसने आपल्या सख्ख्या भावाची मुलगी अ‍ॅग्रिपिना हिच्याशी लग्न केले. काका-पुतणीचे लग्न रोमन रिवाजात बसत नव्हते. ते बसावे म्हणून सीनेटकडून खास ठराव करवून घेण्यात आला. अ‍ॅग्रिपिनेला पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगा होता, डोमिशियस घराण्यातला. ५० साली क्लॉडियसने त्याला दत्तक घेतले आणि त्याचे नाव नीरो ठेवले. औरस मुलगा घरात हिंडता-फिरता असताना दत्तक! त्यातून नीरो तीन वर्षांनी मोठा. कागदोपत्री दोघे भाऊ झाले. पण पहिला मान कोणाचा हे त्या तीन वर्षांनी ठरवून टाकले.

पुढचा सगळा प्रकार रोमन पोशाखाच्या भाषेत सांगता येईल. रोमन मुलगा साधारण चौदाव्या वर्षाच्या सुमारास बाळपणाचा काठाचा झगा उतरवून पुरुषांचा शुभ्र टोगा अंगावर घेई. तो दिवस आपल्याकडच्या मुंजीसारखा मोठा थाटाचा असे. नीरोला हा मान मुदतीपूर्वीच, ५१ साली, देण्यात आला. मग सर्कसच्या विशाल मैदानात खेळ झाले. त्या खेळांत नीरो विजयी सेनापतीच्या वेषात आला आणि ब्रिटानिकस मुलांच्या झग्यात. जमलेल्या लोकांना कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

त्याच वर्षाची एक घटना मला फार महत्त्वाची वाटते. दोघे भाऊ समोरासमोर आले. नीरोने ‘ब्रिटानिकस’ म्हणून अभिवादन केले. ब्रिटानिकसने उत्तर दिले ते ‘डोमिशियस’ म्हणून. एकच शब्द! पण दत्तकविधान, सीनेटची मान्यता, सावत्र आईची सारी खटपट, हे सगळे त्या एका शब्दाने दहा वर्षांच्या मुलाने नाकारले. अ‍ॅग्रिपिना नवऱ्याकडे गाऱ्हाणे घेऊन गेली. मुलाला कोणी तरी शिकवून ठेवले आहे असे ठरले, आणि त्याचे चांगले चांगले शिक्षक हद्दपार झाले किंवा जिवाला मुकले. त्यांच्या जागी अ‍ॅग्रिपिनेने निवडलेली माणसे आली. शिक्षा झाली ती शिकवणाऱ्यांना. मुलाला मिळाला एकांत.

म्हातारपणी क्लॉडियसला पश्चात्ताप झाला असे म्हणतात. तो मुलाला पोटाशी धरून लवकर मोठा हो म्हणू लागला. ज्याने एकदा या मुलांना आईपासून दूर नेले होते तो नार्सिससही आता त्याच मुलाला मिठी मारून तेच मागणे मागू लागला. परंतु वाढणे हे काही मुलाच्या हातात नसते. १३ ऑक्टोबर ५४ रोजी क्लॉडियस मेला. अळंबीतून विष घातले, असे प्राचीन लेखक सांगतात. त्या दिवशी अ‍ॅग्रिपिनेने ब्रिटानिकसला उराशी कवटाळले, बापाची हुबेहूब मूर्ती म्हणून कुरवाळले, आणि त्या प्रेमाच्या मिठीतच त्याला खोलीबाहेर पडू दिले नाही. दुपारी राजवाड्याचे दरवाजे उघडले. नीरो बाहेर आला. पहाऱ्यावरच्या काही शिपायांनी मागे वळून ब्रिटानिकस कुठे आहे असे विचारले म्हणतात. उत्तर आले नाही, तेव्हा त्यांनी समोर होता त्याचाच जयजयकार केला.

*

आता त्या गाण्याकडे येतो.

डिसेंबर महिन्यात रोममध्ये सॅटर्नेलियाचा सण असे. त्या दिवसांत लहान-मोठा हा भेद थोडा सैल व्हायचा, सोंगट्या-फाशांना मुभा असायची. बरोबरीची पोरे फासे टाकून आपल्यातला एक ‘राजा’ निवडत आणि तो सांगेल ते इतरांनी करायचे. ५४ सालच्या सणात राजेपण नीरोच्या वाट्याला आले. खेळातही तोच राजा! त्याने इतरांना बेताचे, लाज वाटू नये असे हुकूम सोडले. ब्रिटानिकसला मात्र सांगितले की, ऊठ, मधोमध ये आणि गाणे म्हण.

यात डाव काय होता ते ओळखायला फार विचार नको. मुलगा तेरा वर्षांचा. मोठ्यांच्या मद्यपानाच्या बैठकीत राहोच, साध्या बैठकीतही बसायची त्याला सवय नव्हती. तो अडखळेल, लाल होईल, रडेल, लोक हसतील, आणि गादीच्या वारसाचे हसे होऊन जाईल. शिक्षकाच्या व्यवसायात चौदा वर्षांच्या आसपासची मुले मी रोज पाहतो. वर्गापुढे उभे राहून कविता म्हणायची म्हटली तरी त्यांतल्या धिटाच्याही घशाला कोरड पडते. या वयात हसू होण्याइतके भय दुसऱ्या कशाचे नसते. नीरो स्वतः तेव्हा नुकताच सतरा वर्षांचा झाला होता. हे भय त्याला पुरते ठाऊक असणार.

ब्रिटानिकस उठला. मधोमध आला. आणि न डगमगता त्याने एक गीत म्हटले. बापाच्या घरातून आणि राज्यपदावरून आपण लोटले गेलो, असा त्या गीताचा सूचक अर्थ होता. बैठक स्तब्ध झाली. रात्र होती, सणाचा सैलपणा होता, त्यामुळे लोकांना चेहऱ्यावर मुखवटा चढवायचे भान राहिले नाही. त्यांच्या डोळ्यांत उघड कणव दिसली. ती नीरोनेही पाहिली.

टॅसिटसने हा प्रसंग दोन-चार वाक्यांत उरकला आहे. गीताचे शब्द तो देत नाही, केवळ आशय देतो. पण या चार वाक्यांत ब्रिटानिकस प्रथमच सगळ्यांच्या मधोमध उभा राहतो. एरवी तो कोणाच्या ना कोणाच्या हातात असतो. बापाने त्याला विजयाचे चिन्ह म्हणून मिरवले. आईने ढाल म्हणून पुढे केले. नार्सिससने आपल्या बचावाची आशा म्हणून मिठी मारली. सावत्र आईने आधी त्याला कोंडले, आणि पुढे नीरोशी बिनसल्यावर त्यालाच घेऊन सैन्याच्या छावणीत जाण्याची धमकी दिली. वारस हा शब्द किती क्रूर आहे हे या मुलाकडे पाहून कळते; ज्याला त्याला तो हवा होता, पण तो माणूस म्हणून कोणालाच नको होता. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याचा स्वतःचा आवाज आपल्याला दोनदाच ऐकू येतो. एकदा ‘डोमिशियस’ या शब्दात, आणि एकदा या गाण्यात.

या गाण्यानंतर दोन-तीन महिन्यांच्या आतच तो मेला. ब्रिटानिकसला चौदा वर्षे पुरी होत आली होती. म्हणजे पुरुषाचा टोगा, म्हणजे राज्यावरचा हक्क. त्यातच आईची ती छावणीची धमकी. नीरोने लोकस्टा या प्रसिद्ध विष करणाऱ्या बाईला बोलावले. पहिले विष सौम्य पडले. तेव्हा तिला दमदाटी करून नीरोच्या शेजघराजवळच दुसरे जालीम विष तयार करवले. सुएटोनियस या ठिकाणी एक चमत्कारिक कारण जोडतो. नीरोला ब्रिटानिकसच्या आवाजाचाही हेवा वाटत होता, कारण तो त्याच्या आवाजापेक्षा गोड होता. नीरोला स्वतःच्या गायनाचे केवढे वेड होते हे जगजाहीर आहे. ते ध्यानात घेतले की हे कारण हसण्यावारी नेता येत नाही.

राजघराण्यातली मुले वडीलधाऱ्यांच्या देखत वेगळ्या, साध्या टेबलाशी बसून जेवत. ब्रिटानिकसचे अन्न-पाणी आधी एक सेवक चाखून पाही. म्हणून युक्ती केली ती अशी. एक गरम पेय चाखून त्याला देण्यात आले. ते फार कढत म्हणून त्याने परत केले, आणि ते निववायला जे गार पाणी ओतले त्यात विष होते. त्याचा आवाज आणि श्वास एकदमच गेले. जवळ बसलेले काही जण घाबरून पळाले. ज्यांना अधिक कळत होते ते जागच्या जागी बसून नीरोकडे पाहत राहिले. नीरो टेकून पडला होता. तो म्हणाला की, याला लहानपणापासून घेरीचा आजार आहे, शुद्ध येईल हळूहळू. अ‍ॅग्रिपिनेचा चेहरा क्षणभर भयाने पांढरा पडला. ऑक्टेविया तेव्हा नीरोची बायको होती. वयाने लहान, पण दुःख, माया, सगळे काही लपवायला ती शिकली होती. थोडा वेळ शांतता झाली आणि मेजवानी पुन्हा सुरू झाली.

त्याच रात्री धो धो पावसात चिता पेटली. तिची तयारी आधीच झालेली होती. अंत्यविधी घाईने उरकल्याबद्दल नीरोने जाहीरनामा काढला, आणि वाडे व बागबंगले आपल्या जिवलगांत वाटून टाकले. आजचे काही इतिहासकार विषप्रयोगाविषयीच शंका घेतात. मुलगा खरोखरच अपस्माराने गेला असेल असे म्हणतात. शंका घेणे हा त्यांचा धर्मच आहे. पण आधीच रचलेली चिता आणि पुन्हा सुरू झालेली मेजवानी या दोन गोष्टींचे चित्र टॅसिटसने असे रेखाटले आहे की, ते वाचकाच्या मनातून पुसणे कोणत्याही शंकेला जमत नाही.

*

रासीनसमोर हे सगळे साहित्य तयार होते. आपल्या प्रस्तावनेत त्याने टॅसिटसचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. तरीही त्याने मूळ हकीकतीत मोठे फेरफार केले. ब्रिटानिकसला त्याने सतरा वर्षांचा केला. त्याला ज्युनी नावाची प्रेयसी दिली. खरा नार्सिसस क्लॉडियसमागोमाग मेला होता. रासीनने त्याला जिवंत ठेवून ब्रिटानिकसचा विश्वासघातकी सल्लागार बनवले. मुलाचे वय वाढवल्याबद्दल त्या काळच्या टीकाकारांनी नाके मुरडली, तेव्हा रासीनने कोर्नेयचे नाव न घेता त्याच्या एका नाटकाकडे बोट दाखवले. आठ वर्षे राज्य केलेल्या राजाला त्या थोर नाटककाराने वीस वर्षे राज्य करायला लावले होते.

या फेरफारांबद्दल मी रासीनला दोष देणार नाही. नाटककाराला तेवढी मोकळीक असलीच पाहिजे. ती मी माझ्या कादंबऱ्यांत घेतो, मग त्याला का नाकारू? शिवाय त्या मोकळिकीतून त्याने जे कमावले ते असामान्य आहे. रात्री मशालींच्या उजेडात पळवून आणलेल्या, रडणाऱ्या ज्युनीला नीरो पाहतो आणि तिच्या आसवांवरच भाळतो. पुढे तो तिला बजावतो की, ब्रिटानिकसला तोडून टाक, मी आडून पाहतो आहे. तुझी एक नजरसुद्धा मला कळेल आणि त्याची किंमत तो देईल. मग ब्रिटानिकस येतो. तो प्रेमाने बोलतो, ती थंडपणे उत्तरे देते, आणि तिला काय झाले हे त्या बिचाऱ्याला उमगत नाही. प्रेक्षकाला मात्र भिंतीआडचे डोळे दिसत असतात. राजसत्ता माणसाच्या नजरेवर, श्वासावर कशी पहारा ठेवते याचे इतके भेदक दृश्य मी दुसऱ्या नाटकात वाचलेले नाही. टॅसिटसच्या मेजवानीत सगळे नीरोच्या चेहऱ्याकडे पाहतात. रासीनने ते उलटवले आणि नीरोला इतरांचे चेहरे पाहायला बसवले.

नीरो हा नुकता जन्मलेला राक्षस आहे, असे रासीन म्हणतो. अजून तो पुरता बिघडलेला नाही. एका बाजूने प्रामाणिक बर्रस त्याला सावरू पाहतो, दुसऱ्या बाजूने नार्सिसस त्याला ढकलतो. या ओढाताणीतच नाटकाचा सारा जीव आहे. रासीनला हे ठाऊक होते. आपले नाटक ब्रिटानिकसच्या मृत्यूइतकेच अ‍ॅग्रिपिनेच्या अधःपाताचे आहे, असे त्याने पुढे दुसऱ्या प्रस्तावनेत स्वतःच सांगून टाकले.

मग ब्रिटानिकसच्या वाट्याला काय आले? त्याला रासीनने उदार, प्रेमळ, उतावळा आणि भोळा असा तरुण केला. एका प्रवेशात तो नीरोला तोंडावर सडेतोड उत्तरे देतो, आणि तेवढ्यापुरता मोठा दिसतो. पण तो भांडतो तो प्रेयसीसाठी. नार्सिससला आपले गुपित सांगतो, नीरोच्या समेटावर विश्वास ठेवतो, आनंदाने मेजवानीला जातो आणि मरतो. प्रेक्षक त्याच्यासाठी हळहळतो, परंतु ही हळहळ जाळ्यात शिरणाऱ्या पाखरासाठी असावी तशी आहे. टॅसिटसचा मुलगा भोळा मुळीच नव्हता. सावत्र आईच्या लाडांतला खोटेपणा त्याला कळत होता आणि तो त्याची टर उडवी, असे टॅसिटस सांगतो. आणि लगेच, आपल्या स्वभावाप्रमाणे, पुस्ती जोडतो की, मुलगा खरोखरच हुशार असेल किंवा त्याच्यावरच्या संकटामुळे लोकांनी त्याला हुशार ठरवले असेल. या शंकेसकट तो मुलगा जिवंत वाटतो.

आणि गाणे? ते रासीनने घेतलेच नाही. याहून आश्चर्याची गोष्ट अशी की, गाणे नाटकातून नाहीसे झालेले नाही. ते दुसऱ्याच्या पदरात गेले आहे. चौथ्या अंकाच्या शेवटी बर्रसच्या विनवणीने नीरोचे मन पालटते. त्याला पुन्हा खुनाकडे वळवण्यासाठी नार्सिसस जे टोमणे मारतो त्यांतला जिव्हारी लागणारा टोमणा असा की, राजा रथ हाकतो, रंगभूमीवर गातो, म्हणून लोक त्याला हसतात. म्हणजे इतिहासात ब्रिटानिकस गायला म्हणून मेला. नाटकात नीरोच्या गाण्याला लोक हसतात म्हणून ब्रिटानिकस मरतो. हसू होण्याचे ते भय, जे त्या रात्री तेरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येणार होते, ते रासीनने नीरोला दिले. कारागिरी म्हणून हे अजोड आहे. पण यात मारेकऱ्याला मन मिळाले, आणि मेलेल्याचा आवाज गेला.

साहित्यात हे वारंवार घडते. सेनेकाच्या नावावर मोडणारे, पण बहुतेक विद्वानांच्या मते त्याचे नसलेले, ‘ऑक्टेविया’ नावाचे एक लॅटिन नाटक आहे. ते घडते ६२ साली. त्यात ब्रिटानिकस आहे तो बहिणीच्या विलापात, गतप्राण भाऊ म्हणून. रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज लेखकाने १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘क्लॉडियस द गॉड’ या कादंबरीत बाप मुलाला सांगतो की, तू वेष पालटून ब्रिटनला निघून जा आणि वाच. मुलगा नकार देतो. त्याला पळायचे नाही, पुरुषाचा टोगा हवा आहे. हा नकार ग्रेव्हजच्या कल्पनेतला आहे, पण ज्याने ‘डोमिशियस’ म्हटले त्याच्या तोंडी तो शोभतो. निदान येथे मुलाला स्वतःचे काही म्हणणे तरी आहे. मात्र ही कादंबरीही त्याच्या बापाची आहे.

वाचक विचारतील की, खुनी माणूस नाट्याला अधिक उपयोगी असतो, त्याच्या मनात झगडा असतो, मरणारा मुलगा काय करणार? हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. निष्पाप माणूस रंगवणे फार कठीण. पण त्याला निष्पापपणाखेरीज काहीच द्यायचे नाही, असा नियम कोणी केला? सॅटर्नेलियाच्या रात्री त्या मुलापुढे दोन वाटा होत्या. अडखळून हसू करून घेतले असते तर तो कदाचित आणखी काही दिवस जगला असता. ज्याचे हसे झाले त्या वारसाला राजा कशाला भिईल? त्याने चांगले गायचे ठरवले. नाटकाला जो झगडा लागतो तो याहून निराळा काय असतो?

*

या हकीकतीतल्या आणखी एका माणसाविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही, कारण तो माझ्या व्यवसायातला आहे. तत्त्वज्ञ सेनेका हा नीरोचा शिक्षक. रासीनने त्याला रंगमंचावर आणलेच नाही. सज्जनाच्या जागी त्याने बर्रसला निवडले. ब्रिटानिकसच्या मृत्यूत सेनेकाचा हात होता असे टॅसिटस म्हणत नाही. पण गंभीरपणाचा आव आणणारे लोक त्या वेळी मिळालेले वाडे लुटीसारखे वाटून घेत बसले, अशी कुजबुज लोकांत होती एवढे तो नोंदवतो. या घटनेला वर्ष-दोन वर्षे होतात न होतात तोच सेनेकाने नीरोला उद्देशून दयेवर एक ग्रंथ लिहिला. रक्ताचा थेंबही न सांडल्याबद्दल त्यात त्याने या तरुण राजाची तोंड भरून स्तुती केली आहे. विषाने रक्त सांडत नाही, हे खरेच.

सेनेकाचे समर्थन करणारे सांगतात की, राजाला चांगले म्हणत राहिल्याने तो चांगला होईल अशी त्याची आशा होती. शिक्षकाला ही आशा परकी नाही. द्वाड पोराला आम्हीही शहाणा म्हणून चुचकारतो. पण ज्याने मार खाल्ला ते पोर त्याच वर्गात बसलेले असते, आणि ती शाबासकी त्यालाही ऐकू येते. ब्रिटानिकस ऐकायला उरला नव्हता एवढेच. ऑक्टेविया होती. तिला ६२ साली मारण्यात आले. त्याआधी ५९ मध्ये अ‍ॅग्रिपिना गेली होती; ६५ साली सेनेकाला राजाज्ञेने स्वतःच्या शिरा कापून घ्याव्या लागल्या. पहिला खून ज्यांनी झाकला, किंवा पाहून न पाहिल्यासारखे केले, त्यांच्यापर्यंत तो फिरून आला.

त्या रात्री ब्रिटानिकसच्या शेजारी एक मुलगा बसला होता. त्याचे नाव टायटस. दोघे एकत्र वाढले, एकाच शिक्षकांकडे शिकले. त्याच प्याल्यातला घोट टायटसनेही घेतला आणि तो पुष्कळ दिवस आजारी होता, असे सुएटोनियस सांगतो. नीरो ६८ साली मेला. ७९ साली हाच टायटस सम्राट झाला. त्याने आपल्या बालमित्राचा सोन्याचा पुतळा राजवाड्यात उभारला. दुसरा एक हस्तिदंती पुतळा केला, घोड्यावर बसलेला. तो सर्कसच्या मिरवणुकीत पुढे नेला जाई, आणि सुएटोनियसच्या काळीही नेला जात होता. ज्या मैदानात बाळझगा घालून दुय्यम म्हणून यावे लागले, तेथेच तो असा घोड्यावरून मिरवला. मित्राचे ऋण मित्राने फेडले.

लेखकांचे ऋण मात्र फिटलेले नाही. पुतळ्याला आवाज नसतो. तो द्यायचा असतो शब्दांनी, आणि ते काम टॅसिटसच्या चार वाक्यांपुढे गेलेले मला दिसत नाही. रासीनचे नाटक श्रेष्ठ आहे, ते जरूर वाचावे. पण ते वाचून झाल्यावर टॅसिटसच्या तेराव्या खंडातले ते पान उघडावे. सणाची रात्र आहे, सगळे हसायच्या तयारीत बसले आहेत, आणि काठाचा झगा घातलेला एक मुलगा उठून मधोमध येतो आहे. त्याचे नाटक तेथून सुरू व्हायला हवे होते.